मेंटेनन्समध्ये यायचंय? आधी धड चालणारं मशीन ओळखायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिटरचं प्रशिक्षण झालंय, वर्षभर मेंटेनन्समध्ये हेल्पर म्हणून काम करताय, पण पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देण्यापलीकडे काही वाट्याला येत नाही. कुणी सांगतं पीएलसीचा (मशीनचं नियंत्रण करणाऱ्या औद्योगिक कॉम्प्युटरचा) कोर्स कर, कुणी सांगतं व्हायब्रेशन (मशीनच्या कंपनावरून बिघाड ओळखणं) शीक, आणि कुणी म्हणतं कोर्सबिर्स सोड, अनुभव सगळं शिकवतो. मग काय शिकावं, कोणत्या क्रमानं, आणि एकट्यानं ब्रेकडाउन हाताळता येईपर्यंत किती वर्षं लागतात?

शेवटचं आधी सांगतो. मन लावून शिकलात तर तीन-चार वर्षं धरा. त्याआधी एखादा ब्रेकडाउन एकट्यानं सोडवाल, दहा सोडवाल, पण भरवसा वाटायला तेवढा काळ जातोच.

आता ‘अनुभव सगळं शिकवतो’ याबद्दल. दर चार महिन्यांनी त्याच पंपाचं तेच बेअरिंग बदलणारा माणूस दहा वर्षांत तीस बेअरिंग बदलतो. त्याचा हात बसतो, वेग येतो, पण ते बेअरिंग चार महिन्यांतच का जातं हे त्याला पहिल्या दिवशी जितकं माहीत होतं तितकंच दहा वर्षांनीही माहीत असतं. पार्ट बदलणं हा या कामातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे काय बिघडलं आणि कशामुळे, हे ठरवणं. आणि ते ठरवायचं तर तेच मशीन धडधाकट असताना कसं असतं, हे आधी माहीत हवं: किती करंट घेतं, बेअरिंग हाऊसिंग किती गरम होतं, आवाज कसा येतो, गेजवर प्रेशर किती असतं. नवखी मुलं बंद पडलेल्या मशीनभोवती गोळा होतात. तुम्ही चालणाऱ्या मशीनपाशी जा.

म्हणून माझा पहिला सल्ला जरा निरस वाटेल. सुपरवायझरकडे ब्रेकडाउनचं काम मागू नका, ग्रीसिंगचा आणि तपासणीचा राउंड मागा. तो कुणालाच नको असतो, त्यामुळे लगेच मिळेल. त्या राउंडमध्ये कारखान्यातल्या प्रत्येक मशीनला तुमचा हात लागतो. एक वही ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या मोटरची नेमप्लेट उतरवून घ्या आणि समोर प्रत्यक्ष करंट लिहा, तिन्ही फेजचा वेगवेगळा. तापमान लिहा. बेअरिंगचे नंबर लिहा. सहा महिन्यांनी त्या वहीत जे असेल ते कारखान्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये नसेल, आणि मग ब्रेकडाउनला लोक स्वतःहून तुम्हाला हाक मारतील.

ग्रीसिंगलाही कमी समजू नका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ठासून ग्रीस भरलेलं बेअरिंग फिरताना ते ग्रीस घुसळत राहतं, गरम होतं आणि सील फोडतं. किती भरायचं याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले रुंदी, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या: बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. तुमच्या ग्रीस गनच्या एका दाबाला किती ग्रॅम निघतं, ते एकदा वजन करून बघा. दुसरी गोष्ट, दोन वेगळी ग्रीस एकत्र करू नका. लिथियमवालं आणि पॉलियुरियावालं ग्रीस एकमेकांत मिसळलं की अनेकदा पातळ होऊन वाहून जातं, आणि मग ‘ग्रीस तर परवाच मारलं होतं’ हे वाक्य ऐकायला मिळतं.

बेअरिंगवर थोडा थांबतो, कारण फिरणाऱ्या मशीनचं निम्मं शिक्षण त्यातच आहे. नंबर वाचायला शिका. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून जास्त असतील तर त्यांना पाचनं गुणा, आतला व्यास मिळतो. ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर. पुढे सी-३ लिहिलं असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे. स्टोअरमध्ये सी-३ नाही म्हणून साधं घेऊन मोटरमध्ये बसवलं, तर गरम झाल्यावर आतली रिंग फुगते, मोकळीक संपते आणि नवंकोरं बेअरिंग जाम होऊ शकतं. बसवताना जोर त्या रिंगवर द्यायचा जी घट्ट बसणार आहे. शाफ्टवर घट्ट बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि ट्रॅकवर गोळ्यांच्या अंतरावर बारीक खड्डे पडतात. ते बेअरिंग बसवलं त्याच दिवशी संपलेलं असतं, फक्त आवाज काही आठवड्यांनी येतो. गरम करून बसवायचं तर इंडक्शन हीटरवर ११० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरे. गॅसच्या ज्वाळेवर कधीही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काढलेलं बेअरिंग फेकू नका. कापा, धुवा, उजेडात बघा. गोळ्यांचा माग बाहेरच्या रिंगवर तिरका गेला असेल तर अलाइनमेंट (जोडलेल्या दोन शाफ्टची एका रेषेतली जुळणी) किंवा हाऊसिंगमध्ये गडबड आहे. एकाच बाजूला रेटलेला असेल तर अक्षाच्या दिशेनं जोर येतोय. मी पाहिलेलं एक उदाहरण देतो. एका पंख्याच्या मोटरची बेअरिंग काही महिन्यांत जायची. आधी ग्रीसवर संशय, मग कंपनीवर, मग बसवणाऱ्यावर. शेवटी रिंग कापून पाहिली तर ट्रॅकवर एकसारख्या अंतरावर आडव्या रेघांची पन्हाळी उमटलेली. हे वीज बेअरिंगमधून जात असल्याचं लक्षण. त्या मोटरला मध्यंतरी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला होता आणि शाफ्टवर तयार होणारा व्होल्टेज बेअरिंगमधून वाट काढत होता. शाफ्टला अर्थिंग रिंग लावली, पलीकडच्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग टाकलं आणि विषय संपला. उत्तर भंगाराच्या डब्यात पडून होतं, प्रत्येक वेळी.

बेअरिंग लवकर जाण्यामागे बऱ्याचदा अलाइनमेंट असतं, आणि बॉल बेअरिंगच्या बाबतीत भाराचा हिशेब फार निर्दय आहे: भार दुप्पट झाला की अपेक्षित आयुष्य आठव्या भागावर येतं. त्यामुळे डायल गेजनं (बारीक सरकणं काट्यावर दाखवणाऱ्या गेजनं) अलाइनमेंट करायला नक्की शिका, कारखान्यात लेसर असला तरी. लेसर आकडा देतो. तो आकडा कुठून येतो ते डायल शिकवतो. सुरुवात मोटरच्या पायांपासून करा. सगळे बोल्ट आवळलेले असताना एकेक बोल्ट सैल करायचा आणि पाय किती उचलला जातो ते डायलवर बघायचं. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला तर त्या पायाखाली पोकळी आहे. ती शिमनं (पातळ पत्र्याच्या तुकड्यानं) भरल्याशिवाय पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ. शिमही तीन-चारच्या वर रचू नका, जाड एक घ्या.

मग येतो तापमानाचा मुद्दा, जो कोर्समध्ये घाईत उरकतात. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ४०० मिलिमीटर उंची असलेला पंप चालताना ५० अंशांनी गरम होत असेल, तर शाफ्ट ०.२४ मिलिमीटर वर जाणार. थंड असताना अगदी शून्यावर जुळवलेलं कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) गरम झाल्यावर पाव मिलिमीटर बाहेर. हा हिशेब ज्याला कागदावर करता येतो त्याला मी दुसऱ्या दिवशी काम देईन, सर्टिफिकेट नंतर बघेन.

इथे सुरक्षेबद्दल बोलतो. ‘स्विच बंद केला’ म्हणजे मशीन सुरक्षित झालं, असं नसतं. स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली, स्वतःच्या खिशात. मग साठलेली ऊर्जा शोधायची: हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटर, दाबलेली स्प्रिंग, अधांतरी लटकलेला भार, एअर लाइन, कपॅसिटर. ४१५ व्होल्टच्या व्हीएफडीत आत साडेपाचशे व्होल्टहून जास्त डीसी असतो, आणि मेन बंद केल्यावरही तो काही मिनिटं टिकतो. पॅनेलवर लिहिलेला वेळ थांबा आणि तरीही मोजा. मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग आपल्या जागी शून्य बघायचं, मग पुन्हा चालू सप्लायवर, कारण मधल्या मोजणीला मीटरच मेला असेल तर शून्यच दिसणार. हायड्रॉलिक गळती बोटानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीतून आत घुसतं, जखम टोचल्यासारखी दिसते आणि तरीही तातडीनं शस्त्रक्रिया लागते.

शिफ्ट बदलताना केलेली नोंदही सुरक्षेचाच भाग. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता. त्याच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून तिथे नुसता ब्लँक फ्लँज, म्हणजे पाइपाच्या तोंडावरचं झाकण, लावलेला होता. रात्रीच्या शिफ्टला ते कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा चालू केला. १६७ माणसं गेली. पुढे स्फोट आणि आग वाढत जाण्याची इतर कारणंही होती, पण सुरुवात त्या न पोचलेल्या निरोपापासून झाली. लॉगबुक ‘काम चालू आहे’ एवढ्यावर उरकणारा माणूस मला टीममध्ये नको असतो, हात कितीही चांगला असो. काय काढलंय, काय तात्पुरतं आहे, काय चालू करायचं नाही, हे लिहा, आणि समोरच्याला तोंडानंही सांगा.

इलेक्ट्रिकल टाळू नका. ‘मी मेकॅनिकलवाला’ म्हणणाऱ्याचं अर्ध्या ब्रेकडाउनमध्ये काही काम नसतं. सुरुवातीला फार लागत नाही: तीन फेज मोटर, स्टार्टर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, कंट्रोल सर्किट आणि वायरिंगचा नकाशा वाचता येणं. ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर १५०० फेऱ्यांच्या जवळ फिरायला बघते, नेमप्लेटवर १४४० च्या आसपास लिहिलेलं असतं. मधला फरक का असतो हे समजलं की भार वाढल्यावर करंट का वाढतो तेही समजतं. ओव्हरलोड वारंवार ट्रिप होतोय म्हणून सेटिंग वाढवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. आधी तिन्ही फेजचा करंट बघा. व्होल्टेजमध्ये एखाद्या टक्क्याचा फरक असला तरी करंटमधला फरक त्याच्या कितीतरी पट होतो. वाइंडिंगचं तापमान मर्यादेपेक्षा दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे. मेगरिंग (इन्सुलेशनचा रोध मोजणं) शिका, पण एका आकड्यावर फार विसंबू नका. मागच्या वर्षी किती होता आणि आज किती, हे बोलकं असतं. आणि मेगर लावण्याआधी व्हीएफडीच्या वायरी सोडवा, नाहीतर मोटर ठीक निघेल आणि ड्राइव्ह जाईल.

हायड्रॉलिक्समध्ये एक वाक्य पक्कं करा: पंप प्रवाह देतो, प्रेशर अडथळ्यामुळे तयार होतं. सिलिंडर सावकाश सरकतोय तर प्रवाहाकडे बघा: पंपाची झीज, आतली गळती, फ्लो कंट्रोल. सरकतोय पण जोर नाही, तर प्रेशरकडे बघा: रिलीफ व्हॉल्व्ह आधी. बहुतेक लोक दोन्ही वेळेला रिलीफ व्हॉल्व्हच पिळतात. न्यूमॅटिक्स त्या मानानं सोपं आहे, चार-पाच आठवड्यांत कामापुरतं येतं.

आता तुमचा पीएलसी कोर्स. करा, पण आत्ता नाही. १९६८-६९च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गरजेतून पीएलसी आला, तेव्हा त्याची लॅडर भाषा मुद्दाम रिले सर्किटच्या नकाशासारखी ठेवली होती, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. आज लोक उलट्या बाजूनं शिकतात: रिले न बघता लॅडर. मग प्रोग्रॅम लिहिता येतो पण मशीन का थांबलं ते सांगता येत नाही. प्रोग्रॅम वर्षानुवर्षं तोच असतो, तो रात्री दोन वाजता स्वतःहून बदलत नाही. बिघडतो तो सेन्सर, तुटते ती वायर, सैल होतं ते टर्मिनल, जळते ती सोलेनॉइड कॉइल. म्हणून आधी इनपुट-आउटपुट कार्डावरचे दिवे वाचायला शिका. सेन्सरसमोर धातू आहे आणि सेन्सरचा दिवा लागलाय, पण कार्डावरचा नाही? बिघाड त्या दोघांमधल्या वायरीत किंवा कार्डात. दिवा दोन्हीकडे आहे पण आउटपुट येत नाही? मग प्रोग्रॅम उघडून कोणती अट अडली ते बघा. आउटपुट आहे पण व्हॉल्व्ह हलत नाही? आता पॅनेल सोडा आणि मशीनपाशी जा. साखळी मधोमध तपासायची आणि निरोगी अर्धी बाजूला काढायची, हीच पद्धत सगळीकडे चालते.

अ‍ॅनालॉग सिग्नलचंही तसंच. ४ ते २० मिलिअँपिअर यात शून्याची जागा चारला का ठेवली? कारण वायर तुटली तर करंट शून्य होतो आणि ‘प्रेशर शून्य’ व ‘वायर तुटली’ यांत गोंधळ होत नाही. ० ते १० बारच्या ट्रान्समीटरवर ८ मिलिअँपिअर दिसले तर प्रेशर २.५ बार. हे तोंडी यायला हवं. एवढं झालं, साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, की मग पीएलसीचा कोर्स करा. तेव्हा त्यातल्या प्रत्येक तासाला तुमच्याकडे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

व्हायब्रेशन त्याच्याही नंतर. आयएसओ १८४३६-२ नुसार त्याच्या चार श्रेणी आहेत आणि प्रत्येकीला प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. पहिली श्रेणी तुमच्या आवाक्यात आहे. फिरण्याच्या वेगाएवढ्या फ्रीक्वेन्सीला शिखर दिसलं की असंतुलन, दुप्पट फ्रीक्वेन्सीला दिसलं की मिसअलाइनमेंट, असं पाठ करून लोक येतात. आणि मग पायाचा सैल बोल्टही त्यांना असंतुलन वाटतो. ज्यानं हातानं अलाइनमेंट केलंय त्याला आलेख वेगळा दिसतो.

एक गोष्ट कोर्समध्ये क्वचित सांगतात: चांगल्या चालणाऱ्या मशीनला उगाच उघडू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन यांच्या गटानं विमानांच्या बिघाडांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा ठरावीक तासांनंतरच्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसले. पुढे नोलन आणि हीप यांनी १९७८च्या अहवालात प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यात वयानुसार बिघाडाची शक्यता वाढत जाणारे भाग फक्त ११ टक्के निघाले, आणि ६८ टक्के भागांत ती सुरुवातीलाच सर्वांत जास्त होती. कारखाना म्हणजे विमान नव्हे, पंपाचं सील आणि कन्व्हेयरचा पट्टा झिजतातच, पण तात्पर्य लागू पडतं. ‘सहा महिने झाले, उघडून बघू’ असं कुणी म्हणालं की विचारा, काय दिसल्यामुळे? तापमान, आवाज, तेलातला चुरा, करंट, काहीतरी दाखवा. उघडल्यानंतरही घाण, चुकीचा टॉर्क (बोल्ट आवळण्याचा पीळ) आणि उलटं बसवलेलं सील या तीन गोष्टींकडेच सगळ्यात जास्त लक्ष हवं. टॉर्कचं म्हणाल तर, बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष ताणात जातो, बाकीचा घर्षणात. म्हणून त्याच बोल्टाला तेल लावून तोच टॉर्क दिला तर ताण बराच वाढतो. टॉर्कच्या तक्त्यावर ‘कोरडा’ की ‘तेल लावून’ ते वाचा.

ऑपरेटरशी बोलायला शिका. तो त्या मशीनपाशी आठ तास उभा असतो. ‘काय झालं’ पेक्षा ‘शेवटचं काय बदललं’ असं विचारा: माल बदलला, टूल बदललं, काल कुणी वेग वाढवला, पाणी सांडलं. दोषाची भाषा वापरलीत की तो गप्प बसतो आणि तुमचा तास वाया जातो. रीसेट दाबण्याआधी डिस्प्लेवरचा अलार्म फोटोत घ्या. रीसेट करून मशीन चालू झालं की सगळे खूश होतात आणि पुरावा पुसला जातो.

आता जागेबद्दल. तुमच्या कारखान्यात नियोजित मेंटेनन्स होतच नसेल, ज्येष्ठ मंडळी पॅनेल उघडताना तुम्हाला बाहेर पाठवत असतील, आणि वर्षभरात एकही ड्रॉइंग तुमच्या हातात आलं नसेल, तर दुसरी नोकरी बघा. मुलाखतीत तुम्हीही विचारा: कुलूप-टॅगची पद्धत आहे का, ड्रॉइंग अद्ययावत आहेत का, ब्रेकडाउननंतर कारण शोधतात की फक्त वेळ मोजतात. पगार थोडा कमी पण मशीनचे प्रकार जास्त, अशी जागा पहिल्या तीन वर्षांसाठी मी निवडेन. त्यानंतर वाटा फुटतात: कुणी कंट्रोल्समध्ये जातं, कुणी मशीन बनवणाऱ्या कंपनीत फील्ड सर्व्हिसला, कुणी प्लॅनिंगमध्ये, कुणी कंडिशन मॉनिटरिंगमध्ये. ते आत्ता ठरवायची गरज नाही.

स्वतःच्या पैशानं काय घ्यावं हेही विचारलं होतंत. चांगला मल्टिमीटर, कॅट-३ (मीटरवर छापलेली सुरक्षेची श्रेणी) ६०० व्होल्टचा, नावाजलेल्या कंपनीचा. इथे काटकसर नको, कारण स्वस्त मीटर चुकीच्या जागी फुटतो तेव्हा तो तुमच्या हातात असतो. डीसी करंटही मोजणारा क्लॅम्प मीटर. ०.०१ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, फीलर गेज, मॅग्नेटिक बेससकट डायल गेज. डोक्याला लावायचा टॉर्च. कानाचं संरक्षण, ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काढलेत तर ऐकू येणं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. पाना-सेट कारखान्याचा वापरा. लेसर किंवा व्हायब्रेशन पेन आत्ता घेऊ नका.